मराठी वेबसाइटच्या मजकुरासाठी वाचायला सोपा फॉन्ट कसा निवडायचा? संपूर्ण माहिती

वेबसाइट करताना आपण रंग, लोगो, फोटो यांवर आठवडे घालवतो आणि फॉन्ट मात्र दोन मिनिटांत निवडतो. मीही तेच करायचो. मी सोलापुरात छोट्या संस्था आणि दुकानांच्या वेबसाइट बनवतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेची वेबसाइट केली होती. दिसायला देखणी होती, संस्थेचे लोकही खूश होते.

त्या संस्थेत माझ्या मामांची मुदत ठेव होती. ठेव मोडायची असेल तर ११ एप्रिलपर्यंत अर्ज द्या, नाहीतर ती आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू राहील, अशी सूचना वेबसाइटवर होती. मामांना ते पैसे नातीच्या कॉलेजच्या फीसाठी हवे होते. त्यांनी भर उन्हात, दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर सूचना वाचली आणि १६ तारखेला अर्ज घेऊन गेले. ११ हा आकडा त्यांनी १९ असा वाचला होता. आता ठेव मोडायची तर व्याज कापलं जाणार होतं.

संस्थेची यात काहीच चूक नव्हती. तारीख बरोबर छापलेली होती. चूक माझी होती. मी मजकूर १४ पिक्सेलमध्ये, फॉन्टच्या सगळ्यात बारीक जाडीत आणि फिकट करड्या रंगात ठेवला होता. मामा मला एवढंच म्हणाले, "मुंग्या सोडल्यास की काय रे त्यात?" हेच मामा रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणजे दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता.

तेव्हापासून मी फॉन्ट निवडायची एक पद्धत ठरवली आहे. ती या लेखात सविस्तर सांगतो. तुम्ही वर्डप्रेस वापरत असा किंवा स्वतः कोड लिहीत असा, ही माहिती दोन्हीकडे उपयोगी पडेल.

शीर्षकाचा फॉन्ट वेगळा, मजकुराचा वेगळा

सर्वात आधी एक फरक समजून घेऊया. शीर्षक चार शब्दांचं असतं आणि मोठ्या आकारात असतं. तिथे फॉन्टने लक्ष वेधून घ्यायचं असतं. मजकूर म्हणजे परिच्छेदच्या परिच्छेद. तिथे फॉन्टकडे लक्षच जाता कामा नये. वाचणाऱ्याने अर्थ वाचायचा असतो, अक्षरं बघत बसायचं नसतं.

म्हणून मजकुराच्या फॉन्टला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, एक अक्षर दुसऱ्यापासून चटकन वेगळं ओळखू येतं का? १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म, भाडे आणि भांडे. दुसरा, पाच मिनिटं सलग वाचल्यावर डोळे थकतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी फॉन्टच्या घडणीत असतं. दुसऱ्याचं उत्तर आकार, ओळींमधलं अंतर, जाडी आणि रंग या चार गोष्टींत असतं. त्या आपल्या हातात असतात.

पायरी १: मजकूर युनिकोडमध्ये आहे का ते बघा

आपल्याकडे छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून येणारा मजकूर अजूनही बऱ्याचदा श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. तो फॉन्ट काढला की नुसती गिचमीड दिसते. असा मजकूर वेबसाइटवर टाकला तर गुगलला तो सापडत नाही, मोबाइलला वाचून दाखवता येत नाही आणि फॉन्टही बदलता येत नाही.

ओळखायची सोपी युक्ती सांगतो. मजकूर कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. रूपांतरानंतर एकदा नीट तपासायचं मात्र विसरू नका. रफार, ऱ्य आणि ॲ या ठिकाणी कन्व्हर्टर हमखास घसरतात.

पायरी २: निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आहे का ते बघा

ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे आणि बऱ्याच मराठी वेबसाइटवर आजही दिसते. थीममध्ये रोबोटो, लाटो, ओपन सान्स किंवा मॉन्टसेराट निवडलेला असतो. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मग ब्राउझर काय करतो? वाचकाच्या यंत्रात जो मराठी फॉन्ट असेल तो लावतो. तुम्हाला वाटतं आपण फॉन्ट निवडला, प्रत्यक्षात फक्त इंग्रजी शब्दांना तो लागलेला असतो.

गुगल फॉन्ट्सवर लिपीनुसार गाळणी लावायची सोय आहे. तिथे देवनागरी निवडा आणि मगच पुढे जा.

तसं बघितलं तर यंत्रातल्या फॉन्टवर विसंबून राहणं हाही एक पर्याय आहे. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये मंगल हा फॉन्ट येऊ लागला. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी तो घडवला होता. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो सान्स देवनागरी असतो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी. यांतलं काहीच डाउनलोड करावं लागत नसल्यामुळे पान पटकन उघडतं. तोटा इतकाच, की प्रत्येक वाचकाला तुमचं पान थोडं वेगळं दिसतं.

पायरी ३: अक्षरं मराठी वळणाची आहेत का ते बघा

देवनागरी लिपी मराठी, हिंदी, नेपाळी आणि संस्कृत अशा अनेक भाषांची आहे, पण काही अक्षरांची वळणं वेगळी आहेत. मराठीत आपण देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल लिहितो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याबाबत पुन्हा निर्णय काढला. शाळेत मुलं जे गिरवतात तेच पडद्यावर दिसावं, हा त्यामागचा साधा विचार.

बऱ्याच फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळणाचा दंडयुक्त ल असतो. पण नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आत बसवलेली असतात. पानाची भाषा मराठी आहे असं ब्राउझरला सांगितलं, की तो आपोआप मराठी वळण घेतो. ते सांगायचं कसं? एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये 'लँग' नावाचा गुणधर्म असतो, त्यात मराठीचा दोन अक्षरी संकेत 'एमआर' लिहायचा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, त्यात जनरल, त्यात साइटची भाषा मराठी करा. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर तुमच्या प्रोफाइलमध्ये भाषा वेगळी निवडता येते.

या एका बदलाचा आणखी एक फायदा आहे. अंध वाचकांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर याच नोंदीवरून मराठी आवाज निवडतं.

याशिवाय तीन गोष्टी खास तपासा.

पहिली, ऱ्य आणि ऱ्ह. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी! हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही जुन्या फॉन्टमध्ये ऱ्य नीट जुळत नाही, र आणि य सुटे दिसतात.

दुसरी, ॲ. बँक, ॲप, ॲडमिशन असे शब्द आपण रोज लिहितो. 'बँक'मधली चंद्रकोर जवळपास सगळ्या फॉन्टमध्ये असते, पण सुटा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी रिकामी चौकट दिसते.

तिसरी, ₹ हे रुपयाचं चिन्ह. ते २०१० साली स्वीकारलं गेलं. जुन्या फॉन्टमध्ये तेही नसतं.

पायरी ४: चाचणीचा परिच्छेद लावून बघा

फॉन्टच्या जाहिरातीत नेहमी 'नमस्कार' किंवा 'कमल' असे सोपे शब्द असतात. त्यांवरून काहीच कळत नाही. मी खालचा परिच्छेद करून ठेवला आहे. कुठलाही फॉन्ट निवडण्याआधी तो त्या फॉन्टमध्ये लावून बघतो. तुम्हीही कॉपी करून वापरा.

"सोलापूरच्या पूर्व भागातल्या कार्यकर्त्यांनी सर्वांच्या वह्या तपासल्या. मूर्तींचे रंग उडाले होते आणि पायऱ्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. आचाऱ्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या केल्या, तर आचार्यांनी मराठी वाङ्मयाच्या ऱ्हासावर भाषण दिलं. विठ्ठलाच्या देवळामागे प्रह्लादचं ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं दुकान आहे, दुकानाचं भाडं ₹१,९४९ आणि वीजबिल ₹९,१४६ आहे. दृष्टी, हृदय, शृंगार, रुपया, रूप, चिन्ह, राष्ट्र, ज्ञान, क्षण, लाल, शाल, ऑफिस."

आता काय बघायचं ते सांगतो.

१. 'मूर्तींचे' या शब्दात एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार आहेत. ते एकमेकांत मिसळतात की सुटे ओळखू येतात? अनुस्वाराचा ठिपका रफारात बुडून गेला तर तो फॉन्ट मजकुरासाठी बाद.

२. 'भांड्यांचं' आणि 'भाडं' यांत अनुस्वारांचा आणि एका जोडाक्षराचा खेळ आहे. हातभर अंतरावरून दोन्ही वेगळे वाचता येतात का?

३. 'उद्ध्वस्त', 'विठ्ठल', 'प्रह्लाद' यांतली जोडाक्षरं नीट बांधलेली आहेत का? जागोजागी पाय मोडलेली अक्षरं दिसत असतील तर फॉन्टमध्ये जोडाक्षरं कमी आहेत.

४. 'रुपया' आणि 'रूप' यांतला पहिला आणि दुसरा उकार वेगळा दिसतो का?

५. १ आणि ९, ३ आणि ६ हे आकडे लहान आकारात वेगळे दिसतात का? माझ्या मामांची ठेव इथेच अडकली. ५ आणि ८ यांची वळणंही मराठीत आपण शिकलेली आहेत तशीच आहेत ना, तेही बघून घ्या.

६. शिरोरेषा सलग आहे का, की दोन अक्षरांच्या मध्ये बारीक फट दिसते?

कोणते फॉन्ट वापरावेत?

मी स्वतः वापरून बघितलेले हे काही मोफत फॉन्ट. सगळे खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे व्यावसायिक वेबसाइटवरही चालतात.

मुक्त: मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला. सात जाड्यांत मिळतो. अक्षरं मोकळी, आतली पोकळी भरपूर, त्यामुळे स्वस्त मोबाइलवरही स्वच्छ दिसतो. इंग्रजी अक्षरं त्याच मापात बसवलेली आहेत, म्हणून 'आधार कार्ड केवायसी'सारखा मिश्र मजकूर असेल तर उत्तम.

नोटो सान्स देवनागरी: गुगलचा. चेहरा फार आकर्षक नाही, पण जोडाक्षरं भरपूर आणि मराठी वळणांची सोय आतच. कुठे काय येईल याचा भरवसा नसलेल्या मोठ्या वेबसाइटला हा सुरक्षित पर्याय.

हिंद: इंडियन टाइप फाउंड्रीचा. फॉर्म, बटणं, तक्ते अशा ठिकाणी चांगला. लांबलचक लेखांना मला थोडा कोरडा वाटतो.

अनेक देवनागरी: हाही एक टाइपचाच. जाडी आणि रुंदी दोन्ही बदलता येतात. मजकुरासाठी मधली रुंदीच ठेवा, अरुंद प्रकार शीर्षकांसाठी ठीक आहे.

टिरो देवनागरी मराठी: नावातच मराठी असल्यामुळे श आणि ल मुळातच आपल्या वळणाचे. जाड-बारीक रेघांचा, जुन्या छापील पुस्तकाची आठवण करून देणारा. जावजी दादाजी चौधरी यांच्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात ज्या घडणीचे खिळे पाडले, त्या परंपरेतला हा चेहरा आहे. कथा, लेख, दिवाळी अंकासाठी सुंदर. पण यात बोल्ड नाही. बोल्ड केलं तर ब्राउझर कृत्रिमरीत्या अक्षर फुगवतो आणि जोडाक्षरं भरून काळी होतात. शिवाय बारीक रेघांमुळे १८ पिक्सेलच्या खाली तो वापरू नका.

बलू, मोदक, पॉपिन्स असे फॉन्ट शीर्षकाला मजेदार दिसतात. मजकुरात मात्र नकोत.

पायरी ५: आकार, अंतर, जाडी, रंग

खरं सांगायचं तर वरच्या यादीतला कुठलाही फॉन्ट चालेल. वाचणाऱ्याचा त्रास जास्त करून या चार गोष्टींतून येतो.

आकार: ब्राउझरचं मूळ माप १६ पिक्सेल आहे आणि ते इंग्रजीच्या हिशोबाने बसतं. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे मधलं अक्षर लहान होतं. इंग्रजीतलं १६ आपल्याला १४ सारखं वाटतं. मी मोबाइलवर १८ आणि कॉम्प्युटरवर १८ ते २० ठेवतो. शक्यतो पिक्सेलऐवजी 'रेम' हे एकक वापरा, म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं तर तुमचं पान त्याचं ऐकेल. चिमटीने मोठं करायची सोय बंद करणारी ओळ काही थीममध्ये असते, ती आधी काढून टाका.

ओळींमधलं अंतर: सीएसएसमध्ये याला लाइन-हाइट म्हणतात. काही इंग्रजी थीममध्ये ते १.२ ते १.४ असतं. मराठीत त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. १.६ ते १.८ ठेवा. बटणं आणि मेनूत वेलांटीचा वरचा भाग कापला जातो का, हेही बघा. तिथे बहुतेक वेळा उंची ठरवून टाकलेली असते.

जाडी: मजकुराला ४०० म्हणजे रेग्युलर, किंवा फॉन्ट नाजूक असेल तर ५००. लाइट आणि एक्स्ट्रालाइट यांना हात लावू नका. ठळक शब्दांसाठी ६०० पुरे. ८०० ला 'द्ध', 'ष्ट्र' यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात.

रंग: पांढऱ्यावर काळा किंवा गडद करडा. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सुलभतेच्या नियमांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा फरक सांगितला आहे. तो मोजून देणारी मोफत साधनं नेटवर मिळतात. पण हा किमान आकडा झाला. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात रस्त्यावर उभं राहून मोबाइल बघणारा माणूस डोळ्यासमोर आणा आणि त्याहून जास्तच ठेवा.

ओळीची लांबी: कॉम्प्युटरवर ओळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणू नका. एका ओळीत दहा-बारा शब्द मला बरे वाटतात. त्याहून लांब ओळ झाली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते.

या चुका टाळा

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत लेटर-स्पेसिंग वाढवलं की शब्द ऐसपैस दिसतो. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. थीममध्ये ते आधीच वाढवलेलं असेल तर शून्य करा.

तिरका मजकूर टाळा. देवनागरीत तिरक्या अक्षरांची परंपरा नाही आणि बहुतेक फॉन्टमध्ये खरा तिरका प्रकार नसतो. ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलंडवतो. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा अवतरण चिन्ह वापरा.

दोन्ही कडा सारख्या करू नका. मराठी शब्द लांब असतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर जस्टिफाय केलं की शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हेच बरं.

सूचना चित्रात टाकू नका. बॅनर बनवून त्यात तारीख लिहिली, की ती मोठीही करता येत नाही आणि शोधताही येत नाही.

वेगाचं काय?

देवनागरी फॉन्टच्या फाइल इंग्रजीपेक्षा मोठ्या असतात, कारण शेकडो जोडाक्षरांच्या आकृत्या त्यात असतात. म्हणून दोनच जाड्या घ्या, रेग्युलर आणि सेमीबोल्ड. फाइल 'वॉफ-टू' प्रकारची असू द्या. 'फॉन्ट-डिस्प्ले' या गुणधर्मात 'स्वॅप' लिहा. म्हणजे फॉन्ट येईपर्यंत यंत्रातल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसत राहील, वाचक कोऱ्या पानाकडे बघत बसणार नाही. फॉन्टच्या यादीत पहिला तुमचा, मग नोटो सान्स देवनागरी, निर्मला यूआय, कोहिनूर देवनागरी आणि शेवटी सान्स-सेरिफ, असा क्रम ठेवा.

मराठीसोबत कन्नड, तेलुगू, उर्दू असेल तर?

हा प्रश्न सोलापुरात नेहमीचा आहे. पूर्व भागात विणकर समाजातली कित्येक घरं तेलुगू बोलतात, कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे कन्नड आहे, उर्दू शाळा आहेत. एखाद्या दवाखान्याच्या किंवा संस्थेच्या वेबसाइटवर दोन-तीन लिप्या शेजारी शेजारी येतात. एक लिपी मोठी आणि दुसरी बारीक दिसली, की वाचणाऱ्याला आपल्याला दुय्यम ठेवलं असं वाटतं.

अशा वेळी एकाच कुटुंबातले फॉन्ट घ्या. अनेक या कुटुंबात देवनागरी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही आहेत. नोटोमध्येही आहेत, शिवाय उर्दूसाठी नोटो नस्तालिक उर्दू आहे. नस्तालिकला ओळींमधलं अंतर देवनागरीपेक्षाही जास्त लागतं आणि दिशा उजवीकडून डावीकडे असते, हे लक्षात ठेवा. प्रत्येक भाषेच्या परिच्छेदाला त्याचा भाषा-संकेत द्या.

पायरी ६: माणसाला वाचायला द्या

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची पायरी. आपण कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर, पंख्याखाली बसून फॉन्ट निवडतो. वाचणारा तसा वाचत नाही.

पान तयार झालं की घरातल्या किंवा शेजारच्या साठीच्या पुढच्या कुणाला तरी त्यांच्याच मोबाइलवर उघडून द्या. बाहेर उजेडात उभं करा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये बोलू नका, मदत करू नका. कुठे अडखळतात, कुठे मोबाइल लांब धरतात, कुठे दोन बोटांनी मोठं करतात, एवढं टिपून ठेवा. मग त्यांना तीन गोष्टी विचारा: तारीख कोणती, रक्कम किती, फोन नंबर काय. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर फॉन्ट पास.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी आकडे वापरावेत की इंग्रजी?
मजकुरात मराठी आकडे छान दिसतात. खाते क्रमांक मात्र पासबुकावर जसा छापला असेल तसाच द्या. फोन नंबरवर बोट ठेवलं की कॉल लागावा असं हवं असेल, तर लिंकच्या आत नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा, दिसायला मराठीत ठेवला तरी चालतो.

छापील पत्रिकेतला फॉन्ट वेबसाइटवर वापरता येईल का?
विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना बहुतेक वेळा छपाईपुरता असतो. वेबसाठी वेगळा परवाना लागतो. परवाना वाचल्याशिवाय फाइल सर्व्हरवर चढवू नका.

एका वेबसाइटवर किती फॉन्ट असावेत?
मजकुराला एक, शीर्षकाला हवा असेल तर दुसरा. दोनच्या पुढे जाऊ नका.

पान शोधताना ऱ्या असलेले शब्द सापडत नाहीत, असं का?
ऱ्य हे अक्षर युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतं. दिसायला सारखं, आतून वेगळं. संपूर्ण वेबसाइटवर एकच कीबोर्ड वापरा किंवा शेवटी शोधा-बदला करून एकसारखं करून घ्या.

शेवटी

पतसंस्थेची ती वेबसाइट मी पुढच्याच आठवड्यात बदलली, पैसे न घेता. मुक्त फॉन्ट, १८ पिक्सेल, लाइन-हाइट १.७, काळा रंग. आणि एक गोष्ट फॉन्टच्या पलीकडची केली: प्रत्येक महत्त्वाची तारीख आकड्यासोबत अक्षरांतही लिहिली, '११ एप्रिल, अकरा तारीख' अशी. फॉन्ट कितीही चांगला असला तरी ऊन, जुना मोबाइल आणि विसरलेला चष्मा यांच्यापुढे कधीतरी तो हरतो. तेव्हा शब्द उपयोगी पडतो.

मामांनी ठेव मोडली, व्याजाचं नुकसान सोसलं, नातीची फी भरली. नवीन पान त्यांनाच सगळ्यात आधी दाखवलं. पायरीवर बसून त्यांनी अख्खी सूचना एका दमात वाचली, तारखेसकट, आणि मोबाइल खिशात टाकला. फॉन्टबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मजकुराच्या फॉन्टला याहून चांगली पावती नाही.